सोसायटीच्या सभागृहातील सीडी प्लेअर मोडीत काढण्याबाबत

क-५०२ (काका): सन्माननीय सचिव व सर्व सभासद, आज सकाळी सभागृहातील कपाट उघडले, तेव्हा सीडी प्लेअरवर ‘भंगार’ अशी चिठ्ठी चिकटवलेली दिसली आणि सीडींचा खोकाही त्याच ढिगात ठेवलेला होता. रविवारच्या श्रवणबैठकीला येणाऱ्या एकाही माणसाला न विचारता हा निर्णय कसा झाला, ते कृपया येथेच सांगावे.

सचिव: काका, आपल्याविषयी पूर्ण आदर राखून सांगतो की अंतिम निर्णय झालेला नाही, समितीने केवळ वर्गवारी केली आहे. ब्लूटूथ स्पीकर घेतला तर कोणाच्याही मोबाइलवरून हवे ते गाणे लावता येईल आणि खोका सांभाळण्याची जबाबदारी कोणावर राहणार नाही.

ब-२०१: माझा प्रश्न एवढाच आहे की हा प्लेअर बिघडला तर त्याचे सुटे भाग कोठे मिळणार?

अ-१०३ (ताई): मी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून आवाजाचा मुद्दा आधी स्पष्ट करते. सीडीवर दर सेकंदाला प्रत्येक चॅनेलचे, म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूच्या आवाजाचे, ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांचे, जसेच्या तसे नोंदलेले असतात, म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. स्पॉटिफाय अनेक वर्षे जास्तीत जास्त ३२० किलोबिटच देत असे; परंतु अ‍ॅपल म्युझिकने २०२१ मध्ये आणि स्पॉटिफायने २०२५ मध्ये लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेला, आवाज देण्यास सुरुवात केल्यावर स्ट्रीमिंगचा, म्हणजे इंटरनेटवरून ऐकण्याचा, आवाज सीडीपेक्षा कमी दर्जाचा असतो ही जुनी तक्रार उरलेली नाही. मात्र तोच आवाज ब्लूटूथवरून पाठवला की बहुतेक स्पीकरांत तो वाटेत पुन्हा आकसला जातो, त्यामुळे समितीने सुचवलेल्या व्यवस्थेत आपण पैसे खर्च करून सीडीपेक्षा कमी दर्जाचा आवाज विकत घेऊ. नवीन स्पीकर घ्यायचाच असेल, तर तो तारेने जोडता येणारा असावा.

अ-४०४ (काकू): मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. सीडीच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे मला आता वाचता येत नाहीत आणि मोबाइलला नुसते नाव सांगितले की नाट्यगीत सुरू होते. ही सोय आमच्यासारख्यांसाठी फार मोठी आहे, तिला कोणी कमी लेखू नये.

क-५०२ (काका): काकू, आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि स्पीकर घेण्यास माझा विरोध नाही. विरोध आहे तो खोका फेकण्यास. अ‍ॅपवर पुष्कळदा गायकाचे आणि रागाचे नाव एवढेच दिसते. तबल्याला कोण, पेटीला कोण, ध्वनिमुद्रण कोणत्या वर्षाचे, हे त्या वेष्टनातील चार पानांवर छापलेले असते आणि आमच्या बैठकीतील निम्मी चर्चा त्याच पानांवरून सुरू होते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि सुमारे ७४ मिनिटे सलग ऐकता येऊ लागली, म्हणजे बाजू न उलटता विलंबित ख्याल द्रुतापर्यंत पोहोचू लागला. फुकट खात्यावर तोच ख्याल संपताक्षणी जाहिरात वाजते, तेव्हा मनाला खरोखर यातना होतात.

ब-३०२: काकांची बैठक सुरू झाली की आमच्या घरी वेगळ्या गजराची गरज उरत नाही.

क-५०२ (काका): बैठक सकाळी आठला सुरू होते आणि गणपतीत आपल्या मजल्यावरून रात्री साडेअकरापर्यंत काय वाजत होते, हे सर्वांना स्मरत असेल.

सचिव: दोघांनाही नम्र विनंती आहे की जुने विषय येथे आणू नयेत.

ब-२०१: सुट्या भागांबाबतचा माझा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.

अ-२०२ (दादा): मी रोज स्ट्रीमिंगवरच ऐकतो, तरीही खोका ठेवावा असे माझे मत आहे. एप्रिल २०१९ मध्ये सारेगामाची गाणी स्पॉटिफायवरून काढली गेली आणि २०२० मध्ये नवा करार झाल्यावरच ती परतली. सारेगामा म्हणजे पूर्वीची एचएमव्ही, त्यामुळे मराठी भावगीतांचा केवढा मोठा ठेवा त्या काळात तेथे नव्हता, याची कल्पना करावी. विंक म्युझिक हे गाण्यांचे अ‍ॅप तर २०२४ मध्ये बंदच झाले. महिन्याचे पैसे भरून आपल्याला ऐकण्याची परवानगी मिळते, गाणे मिळत नाही. सीडी मात्र दोन कंपन्यांचे बिनसले म्हणून कपाटातून नाहीशी होत नाही.

ड-६०४ (वकीलताई): कायद्याचीही बाजू लक्षात घ्यावी. प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम ५२(१)(के) प्रमाणे निवासी इमारतीतील रहिवाशांच्या सामाईक बंदिस्त सभागृहात, रहिवाशांच्या सोयीसाठी, ध्वनिमुद्रण वाजवणे हा प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. स्ट्रीमिंगची खाती मात्र वैयक्तिक वापराच्या अटीवर दिलेली असतात, त्यामुळे एखाद्या सभासदाच्या खात्यावर सोसायटीचा कार्यक्रम चालवणे ही त्या अटींची पायमल्ली होईल.

सचिव: ही बाब समितीच्या ध्यानात आली नव्हती, आभारी आहे. तूर्त भंगारवाल्याला बोलावणार नाही आणि विषय पुढील सभेत घेईन.

अ-१०३ (ताई): खोक्यातील सर्व सीडी एकसारख्या नाहीत. कंपनीने छापलेल्या सीडी नीट ठेवल्या तर दीर्घकाळ टिकतात, परंतु संगणकावर लिहिलेल्या सीडींतील रंगद्रव्य उष्णतेने आणि उजेडाने फिके पडते. आपल्या जुन्या दिवाळी पहाटेची ध्वनिमुद्रणे अशाच सीडींवर आहेत आणि ती कोणत्याही अ‍ॅपवर मिळणार नाहीत. त्यांची प्रत हार्ड डिस्कवर लॉसलेस स्वरूपात मी स्वतः करून देईन, त्यासाठी सभेची वाट पाहू नये.

ब-२०१: तिसऱ्यांदा विचारतो, सुटे भाग कोठे मिळणार?

अ-१०३ (ताई): ब-२०१, विलंबाबद्दल क्षमस्व. अशा प्लेअरमध्ये पुष्कळदा लेझर निकामी झालेला नसतो. भिंगावर धूळ बसलेली असते किंवा कप्पा आतबाहेर करणारा रबरी पट्टा सैल झालेला असतो. भिंग पुसता येते आणि पट्टा बदलता येतो. शनिवारी संध्याकाळी कपाटाची किल्ली मिळाल्यास मी यंत्र उघडून पाहते, आपणही यावे.

ब-२०१: येतो.