विमानाचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येतं का? (सोलापूर–गोवा, तिघांचा एकच पीएनआर)

रेपियर:
टॉवेलच्या ऑर्डरसाठी युनिटमधले तिघे सोलापूरहून गोव्याला जाणार आहेत. जाऊन-येऊन तिकीट, तिघांचा एकच पीएनआर, विमान कंपनीच्या वेबसाइटवरून 12 दिवसांपूर्वी काढलेलं. प्रवासाला अजून 9 दिवस आहेत. एकाचं जाणं रद्द झालंय, त्याच्या जागी दुसऱ्याला पाठवायचंय. रेल्वेत घरच्या माणसाच्या नावावर तिकीट करून मिळतं, तसं इथं होतं का? आणखी एक, राहिलेल्या दोघांपैकी एकाचं नाव तिकिटावर 'संतोषरामचंद्र' असं जोडून आलंय. ते चालेल का? बुकिंगला जीएसटी नंबर टाकला होता.

तिकीटखिडकी:
नाही होत, मालक. आपल्याकडच्या कंपन्यांच्या साध्या तिकिटात माणूस बदलता येत नाही. जुनं रद्द करायचं, नवं काढायचं, एवढाच मार्ग. रेल्वेचा नियम वेगळा आहे. तिथं कन्फर्म तिकीट आईवडील, भाऊबहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको यांच्याच नावावर होतं, गाडी सुटायच्या 24 तास आधी आरक्षण कार्यालयात लेखी अर्ज द्यावा लागतो आणि तेही एकदाच. सिद्धेश्वर एक्स्प्रेसला जमतं म्हणून विमानाला जमेल असं धरू नका.

कारण सरळ आहे. महिनाभर आधीचं स्वस्त तिकीट कुणाच्याही नावावर करता आलं, तर लोक आधी तिकिटं भरून ठेवतील आणि शेवटच्या दिवशी चढ्या भावानं विकतील. युरोपात रायनएअर, ईझीजेट फी घेऊन नाव बदलून देतात, पण ती फी कधीकधी तिकिटापेक्षा जड पडते. आपल्याकडे ग्रुप बुकिंगमध्ये, म्हणजे साधारण 10 किंवा जास्त माणसं असतील तर, ठरलेल्या मुदतीपर्यंत नावं देता-बदलता येतात. तिघांना त्याचा उपयोग नाही.

आता करायचं काय ते. आधी नव्या माणसासाठी '1 प्रवासी' टाकून त्याच विमानाचं आजचं भाडं बघा. जागा असेल तर नवं तिकीट आधी काढा, जुनं नंतर रद्द करा. उलटं केलंत तर सुटलेली जागा आजच्या भावानं विक्रीला जाते, तुमच्यासाठी राखून ठेवत नाहीत. दुसरं म्हणजे उशीर करू नका. वेबसाइटवरून थेट काढलेलं तिकीट पहिल्या 48 तासांत फुकट रद्द करता येतं, पण प्रवासाला 7 दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर ही सोय नाही. आज-उद्या काढलंत तर नवा माणूसही अडला तरी पैसे अडकणार नाहीत. जुन्या तिकिटाची ती मुदत कधीच संपली.

रद्द करताना त्या एकाच प्रवाशाच्या नावापुढे खूण करा. पानावर प्रवासी निवडायची सोय दिसत नसेल तर बटण दाबूच नका, तिघांचंही जाईल. कॉल सेंटरला सांगून पीएनआर वेगळा करून घ्या. त्या माणसाला नवा पीएनआर मिळतो, मग तेवढाच रद्द करा. जाणं आणि येणं दोन्ही रद्द झालं का ते बघा, परतीचं तसंच राहून जातं.

रेपियर:
रद्द केल्यावर हातात काय येईल? तो न कळवता बसलाच नाही तर?

तिकीटखिडकी:
समजा एका बाजूचं तिकीट 3,400 रुपये, त्यात मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून 2,700, बाकी 700 कर आणि विमानतळ शुल्क. रद्द करायची फी तक्त्यात 3,000 दिसली तरी डीजीसीएच्या (सरकारी विमान वाहतूक नियामकाच्या) नियमानं कापायची मर्यादा 2,700. उरलेले 700 परत द्यावेच लागतात, 'नॉन-रिफंडेबल' तिकिटावरसुद्धा. नुसता बसला नाही तरी ते 700 मिळतात, पण बहुतेक ठिकाणी मागावे लागतात. मागणारे थोडेच, म्हणून पडून राहतात. कन्व्हिनियन्स फी मात्र गेली. परताव्याऐवजी 'क्रेडिट शेल', म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा ठेवलेली रक्कम, पुढे केलं तर नको म्हणा, ते घ्यायचं की नाही हे प्रवाशानं ठरवायचं असतं. दाद हवी असेल तर तक्रारीसाठी सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे.

आणि फी भरायच्या आधी मेल तपासा. कंपनीनंच ते विमान रद्द केलं असेल तर पूर्ण पैसे मिळतात.

जुळेसोलापूर:
'संतोषरामचंद्र' चालतं. कित्येक बुकिंगमध्ये पहिलं आणि वडिलांचं नाव यांतली मोकळी जागा गळते. दारावरचा जवान स्पेलिंग आणि आडनाव ओळखपत्राशी ताडतो. अडचण कुठं येते? एखाद-दोन अक्षरं चुकली, आडनाव पहिल्या नावाच्या जागी गेलं, किंवा आधारवर माहेरचं आडनाव नि तिकिटावर सासरचं. ही 'दुरुस्ती', नावबदल नव्हे, माणूस तोच असतो. थेट वेबसाइटवरून काढलेल्या तिकिटात 24 तासांत कळवलं तर फुकट, नंतर फी लागू शकते. वेब चेक-इनच्या आधी करा, नाहीतर आधी चेक-इन काढून टाकावं लागतं. जुन्याच्या तिकिटावर नव्याला बसवायचा विचार असेल तर सोडा, ती तोतयागिरी होते.

जमाखर्च:
जीएसटीचं राहिलं. रद्द तिकिटाची क्रेडिट नोट विमान कंपनीकडून मागून घ्या आणि त्या बिलावर इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं असेल तर तेवढं उलटवा. नव्या तिकिटाला जीएसटी नंबर बुकिंग करतानाच टाका, नंतर चढवून देतीलच असं नाही.

जुळेसोलापूर:
आणि नवं तिकीट शोधताना विमानतळ बघून घ्या. आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान मोपाला उतरतं. हैदराबादमार्गे स्वस्त म्हणून दाबोळीचं काढलंत, तर दोघे उत्तर गोव्यात आणि तिसरा दक्षिणेकडं टॅक्सी शोधत बसेल.