सामसो बेट ‘कार्बन-शून्य’, मग मोटारी पेट्रोलवर कशा?

गच्चीवरचा_मीटर (बाणेर):
सोसायटीच्या सभेत सोलरचा विषय निघाला की कुणीतरी डेन्मार्कच्या सामसोचं नाव काढतंच. समुद्रात 10 पवनचक्क्या, मान्य. पण मोटारी पेट्रोलवर आणि फेरीबोट डिझेलवर चालत असताना धुराचा हिशोब शून्य झाला कसा? आणि वारा पडला की दिव्यांचं काय?

वारामापी:
वारा पडला की वीज जटलंडहून, म्हणजे डेन्मार्कच्या मुख्य भूमीवरून, समुद्राखालच्या केबलने येते, जास्त झाली की तिकडे जाते. तुमच्या नेट मीटरिंगसारखंच, वर्षाअखेर वजाबाकी.
2000 साली जमिनीवर 1 मेगावॅटच्या 11 चक्क्या लागल्या, त्यात बेटाची वीज भागली. 2002-03 मध्ये दक्षिणेकडच्या समुद्रात 2.3 मेगावॅटच्या 10 उभ्या राहिल्या, त्या वाहतुकीच्या धुराची भरपाई म्हणून. 23 मेगावॅट × वर्षाचे 8,760 तास × 40 टक्के (वारा कायम पूर्ण जोरात नसतो म्हणून), म्हणजे साधारण 8 कोटी युनिट. जेमतेम चार हजार वस्तीच्या बेटाला एवढी लागत नाही, बरीचशी बाहेर जाते.
केबल तुटली तर? त्या पिढीचे असिंक्रोनस जनरेटर, म्हणजे बाहेरच्या विजेच्या आधारावर चालणारे, ग्रिडशिवाय चालत नाहीत. गच्चीवरचा इन्व्हर्टर लाइट गेल्यावर भर उन्हात बंद पडतो, तसंच.

पेंढा_जाळा:
सगळे चक्क्यांचे फोटो टाकतात, उष्णतेबद्दल कुणी बोलत नाही. थंड देशात घर तापवणं हाच मोठा खर्च. तिथे गव्हाच्या पेंढ्याचे गठ्ठे बॉयलरमध्ये जाळतात आणि गरम पाणी जमिनीखालच्या, इन्सुलेशन केलेल्या नळांतून घरोघर फिरवतात. नळांत उष्णता वाया जाते, म्हणून हे दाट वस्तीतच परवडतं, विखुरलेल्या शेतघरांना नाही. पुण्यात याची नक्कल करू नका, इथे गीझर बदलला तरी पुष्कळ.

खारंवारं:
भरपाईच्या हिशोबात एक गोम आहे. बाहेर गेलेल्या युनिटने तिकडचा कोळसा वाचतो, म्हणून धूर वजा करता येतो. तिकडची ग्रिड स्वच्छ होत गेली की तेच 8 कोटी युनिट कमी धूर वजा करतात. मोटारी आणि बोटी बदलल्याशिवाय तो शून्य टिकत नाही.
आता कोकणच्या समुद्रात अशा चक्क्या का नाहीत, हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. वाऱ्याची ऊर्जा वेगाच्या घनाने वाढते: सेकंदाला 8 मीटरचा वारा 6 मीटरच्या 2.37 पट देतो. आपल्याकडे जोराचा वारा पावसाळ्यात, आणि लाट दीड मीटरच्या वर गेली की नेहमीची कर्मचारी-बोट शिडीला लावता येत नाही. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांना जीप टॉवरच्या दारापर्यंत जाते. समुद्रात मात्र जुलैमध्ये एखादा सेन्सर गेला तर ऐन वाऱ्यात चक्की कदाचित आठवडाभर थांबते. म्हणून गिअरबॉक्सचं तेल, ब्रेक, बोल्टचा ताण ही कामं मे संपायच्या आत उरकायला हवीत. पायाच्या खांबाभोवतीची वाळूही प्रवाह उकरून नेतो, तिथे दगड पसरावे लागतात. पण विम्याचे दावे सगळ्यात जास्त केबलचे असतात: बसवताना वाकवली, किंवा वर येऊन नांगरात अडकली.

गच्चीवरचा_मीटर:
म्हणजे आमच्या 10 किलोवॅट सोलरचे वर्षाला साधारण 14,000 युनिट लिफ्ट आणि पंपातून वजा करायचे, आणि डिझेल जनरेटर?

वारामापी:
तो तुमची फेरीबोट. वजाबाकीत लपवू नका, लिटर वेगळे लिहा.