मोबाइलमुळे ऑटिझम? सोसायटीच्या ग्रुपवर झालेलं बोलणं

कुलकर्णी काका, बी-४०२: फॉरवर्ड आलाय. 'मोबाइल बंद करा, ऑटिझम तीन महिन्यांत बरा.' घरात लहान मुलं आहेत त्यांनी जरूर वाचा 🙏

स्नेहा, ए-१०३: हो, व्हर्च्युअल ऑटिझम. आमच्या ओळखीतला मुलगा मोबाइल काढून घेतल्यावर बोलायला लागला.

ओमची आई, बी-२०१: काका, राग मानू नका, पण मला बोलावंच लागेल. स्क्रीनसमोर बसून बसून बोलणं लांबतं, स्क्रीन कमी केली की अशी मुलं सुधारतात, हे खरंय. पण डॉक्टर निदानासाठी ज्या याद्या वापरतात, त्यांतल्या डीएसएम-५ मध्ये व्हर्च्युअल ऑटिझम हे निदान नाही, आयसीडी-११ मध्येही नाही. मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेतल्या ऑटिझम असलेल्या ११ मुलांबद्दल लिहिलं, तेव्हा कुठे होते मोबाइल? असलं वाचून आईला वाटतं, आपल्यामुळेच झालं. मी दोन वर्षं तेच धरून रडलेय.

देशपांडे सर, ए-५०४: पण मग ऑटिझम म्हणायचं कशाला? चंचल असो, अबोल असो, हल्ली सगळ्यांनाच तेच नाव. आमच्या वेळी नव्हतं असं.

ओमची आई: होतं सर, दाखल्यावर मतिमंद लिहायचे. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हताच. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले, तेव्हा स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आणि बौद्धिक अक्षमता वेगळ्या धरल्या. ऑटिझमच्या निदानाला दोन गोष्टी लागतात. माणसांशी देवाणघेवाण जमत नाही ही एक. आणि तेच तेच करणं, ठरल्या क्रमाचा हट्ट, आवाज-स्पर्श सहन न होणं, ही दुसरी. ओम मजल्यावरच्या सगळ्या चपला लहान-मोठ्या क्रमाने लावतो ना, एक सरकली की पुन्हा पहिल्यापासून. कुकरने नुसती वाफ धरली तरी कान दाबतो, शिट्टी व्हायच्या आधीच. नुसतं चंचल मूल ती रांग अर्धी टाकून पळेल. अर्थात ऑटिझम आणि अतिचंचलता (एडीएचडी) दोन्ही असूही शकतं. २०१३ आधी एकाच मुलाला दोन्ही निदानं देता येत नव्हती, आता येतात.

देशपांडे सर: त्याच साली ॲस्पर्जर, म्हणजे बोलणं आणि बुद्धी नीट असलेला प्रकार, पण यातच घातला ना? माझा एक विद्यार्थी तसा, आज इंजिनिअर आहे. तो आणि ओम एकाच नावाखाली? पटत नाही.

ओमची आई: मलाही पूर्ण पटत नाही सर. ओम नऊ वर्षांचा आहे, शर्टाची बटणं मी लावते. निदानासोबत आधाराची पातळी लिहितात, एक ते तीन. पण चारचौघांत फक्त 'ऑटिझम' एवढंच उरतं आणि मग लोक विचारतात, गणितात हुशार असेल ना?

कुलकर्णी काका: फॉरवर्ड डिलीट केला. बेटा, एक विचारू? नातू अडीच वर्षांचा झाला. मोबाइल देतच नाही आम्ही. तरी एक शब्द नाही, हाक मारली तर वळत नाही.

ओमची आई: काही हवं असलं तर बोट दाखवतो का? विमान दिसलं की तुमच्याकडे बघतो?

कुलकर्णी काका: नाही. माझा हात धरून माठाकडे ओढतो.

ओमची आई: मग थांबू नका काका. आधी कानांची बेरा, म्हणजे ऐकू येतं का याची तपासणी, करून घ्या, ऐकूच येत नसेल तर गोष्ट वेगळी. मग डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियन, म्हणजे मुलांच्या विकासाचे डॉक्टर. उद्या दहा वाजता मी घरीच आहे, सूनबाईंना घेऊन या.