स्लॉट मशीन खेळायची काही पद्धत असते का?

मांडवीकाठ:
गोव्यातल्या कॅसिनोत जाऊन आलेली मंडळी एकमेकांना सल्ले देतात: बराच वेळ न लागलेलं मशीन धरा, जॅकपॉट लागून गेलेलं सोडा, बटण थांबून थांबून दाबा. मला हे घातक वाटतं. या खेळात कौशल्याला जागाच नाही, ती आहे असा भास मात्र पुरेपूर आहे.

१८९०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फेने बनवलेल्या 'लिबर्टी बेल'मध्ये खरीखुरी तीन चाकं होती. आजच्या मशीनमध्ये एक प्रोग्राम अखंड आकडे काढत असतो आणि बटण दाबलं त्या क्षणीचा आकडा निकाल ठरवतो. चाकं फिरतात ती नंतर, दाखवण्यापुरती. मागच्या फेरीत काय झालं याच्याशी पुढच्या फेरीचा काही संबंध नसतो, त्यामुळे 'आता लागणारच' याला अर्थ नाही.

खरी मेख १९८४ साली इंगे टेल्नेस या संशोधकाला मिळालेल्या पेटंटमध्ये आहे. समजा, दिसणाऱ्या चाकावर २२ जागा आहेत, पण प्रोग्राममधल्या, न दिसणाऱ्या आभासी चाकावर ६४, आणि जॅकपॉटचं चित्र त्यातल्या एकाच जागेला जोडलंय. तीन चाकं बघून वाटतं १०,६४८ फेऱ्यांत एकदा लागेल; प्रत्यक्षात शक्यता २,६२,१४४ त एक. शिवाय जॅकपॉटच्या लगतच्या रिकाम्या जागांना जास्त आकडे जोडले, की ते चित्र रेषेच्या जरा वर नाहीतर जरा खाली थांबतं. माणूस म्हणतो, थोडक्यात हुकलं!

आकडेमोड:
हरायचंच आहे हे मान्य, पण शिकण्यासारखं काहीच नाही हे अजिबात पटलं नाही. '१ रुपयाचं मशीन' म्हणून बसता आणि २० रेषा (चित्रं जुळायच्या ओळी, प्रत्येकीवर वेगळा रुपया) चालू ठेवता, म्हणजे फेरी २० रुपयांची झाली. मिनिटाला १० फेऱ्या धरल्या तर तासाला १२,००० रुपये लावलेत. परतावा, म्हणजे लावलेल्या पैशांतला सरासरी परत मिळणारा भाग, ९० टक्के असला तरी सरासरी १,२०० गेले. वेग निम्मा केलात तर ६००. काही मशीनवर मोठा जॅकपॉट पूर्ण रक्कम लावली तरच मिळतो, तेही बक्षिसांच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. तक्ता न वाचता बसणाऱ्याला हे सांगायला नको?

पणजीची वाचक:
सांगून काय होणार? २० रुपये लावून ८ परत आले तरी दिवे चमकतात, संगीत वाजतं. १२ गेले हे डोक्यात शिरायच्या आत पुढची फेरी सुरू. आमच्याकडे गोव्यात जुगार कायद्याच्या १९९२च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत ही यंत्रं आली, पुढे जहाजांनाही परवानगी मिळाली. ज्या घरातलं माणूस यात अडकलंय त्या घराला तुमचा तक्ता दाखवून बघा.

सुट्टीवाला:
ताई, सगळेच अडकत नाहीत. मी ठरलेली रोख नेतो, कार्ड खोलीवर ठेवतो, पैसे संपले की उठतो. नाटकाच्या तिकिटाचे पैसे कोणी परत मागतं का? सज्ञान माणसाला एवढी मोकळीक हवी. आणि कॅसिनोत नोकरी करून घर चालवणारे लोक गोव्यात आहेत, त्यांचाही विचार करा.

पणजीची वाचक:
नाटक तीन तासांनी पडदा पाडतं. हे यंत्र स्वतःहून कधी थांबत नाही.

मांडवीकाठ:
सुट्टीवाले, तुमची शिस्त चांगली आहे, पण ती उठण्याची शिस्त आहे, जिंकण्याची नव्हे. फोनवर तर उठायचाही प्रश्न नसतो. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली, ते बरंच झालं. अमेरिकेत नेवाडा राज्यात किमान ७५ टक्के आणि न्यू जर्सीत ८३ टक्के परताव्याचं बंधन आहे. आपल्याकडेही प्रत्येक मशीनवर परताव्याचा टक्का ठळक लिहिणं सक्तीचं करा.

आकडेमोड:
टक्का नको. ९० वाचून लोक खूश होतील. या वेगाने खेळलात तर तासाला सरासरी किती रुपये जातील, ते पडद्यावर दाखवा.