फॅमिली कोर्टातून वकील हाकला म्हणे!

वकीलीणबाई_सिव्हिललाईन्स: काल इथे एकाने लिहिलं की फॅमिली कोर्टातून वकिलांना हाकला, निम्मे संसार आपोआप जुळतील. खाली ढीगभर लाईक. अहो 1984 चा कायदा उघडून तरी बघा, कलम 13 मध्ये लिहिलंच आहे की तिथे वकील हा पक्षकाराचा हक्क नाही, कोर्टाने परवानगी दिली तरच. आणि वकील नसले की काय होतं ते इंग्लंडला विचारा, एप्रिल 2013 पासून तिथे घटस्फोट, मुलांचा ताबा असल्या बहुतेक केसेसमध्ये सरकारी खर्चाचा वकील बंद केला, मग ज्यांना बॅरिस्टर परवडेना ते स्वतःच उभे, मारहाण करणारा नवराच बायकोची उलटतपासणी घेतोय असले प्रकार, शेवटी 2021 च्या कायद्याने ते थांबवावं लागलं.

धरमपेठकर: ती पोस्ट माझीच. दुकान तुमचं, तुम्ही बोलणारच. माझी म्युच्युअल होती, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोट, त्यातली सहा महिने थांबायची अट माफ होऊ शकते हे सुप्रीम कोर्टाने 2017 लाच सांगितलंय, माझ्या वकिलाने अर्जच टाकला नाही. तारखेला ज्युनिअर यायचा, फी मात्र सिनिअरची.

वकीलीणबाई_सिव्हिललाईन्स: सरसकट माफ होत नाही ती. पण अर्ज टाकायला हवा होता, हे खरं.

शनिवारचा_बाप: वकिलांचं सोडा हो, ताबा आईलाच मिळणार हे आधीच ठरलेलं असते. मला आठवड्याला एक तास, तोही कोर्टातल्या मुलांच्या खोलीत. पोरीसाठी संत्रा बर्फी नेली तर तिच्या आजीने डबा उघडूही दिला नाही, बाहेरचं चालत नाही म्हणे. बाप बाहेरचा??

वकीलीणबाई_सिव्हिललाईन्स: आधीच ठरलेलं कुठे? हिंदू पालकत्वाच्या 1956 च्या कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे एवढंच आहे. शेवटी बघतात ते मुलाचं हित.

मानेवाड्याची_आई: बर्फी बरी सुचते! शाळेची फी भरली का ते सांगा आधी. आमच्याकडचे साहेब पोटगीची वेळ आली की बेरोजगार, आणि स्टेटसला नवी कार. दोघांनीही उत्पन्न-मालमत्तेचं ॲफिडेव्हिट द्यायचं हा नोव्हेंबर 2020 चा निकाल आपल्या नागपूरच्याच केसमधला आहे, तरी माझ्या वकिलाने मागे लागून मागितलं तेव्हा कुठे बँकेचे कागद निघाले. वकील नसता तर मी काय केलं असतं?

शनिवारचा_बाप: तुमच्या नवऱ्याचा राग माझ्यावर काहून काढता?

मानेवाड्याची_आई: फी भरली का?

महालचा_भाऊ: काय राजेहो, वकिलांवरून सुरू झालं अन् बर्फीवर येऊन रायले. माझ्या बहिणीची केस मिटली ते कोर्टाच्या समुपदेशक बाईंमुळं, दोन्हीकडचे वकील बाहेर चहा पीत होते.

वकीलीणबाई_सिव्हिललाईन्स: समुपदेशनात वकील आत बसत नाहीत भाऊ, चहाच पिणार.

धरमपेठकर: बरं बुवा, राहू द्या तुमचे वकील. फक्त फीची पावती देत जा म्हणा, तेवढीही क्रांती चालेल.

मानेवाड्याची_आई: शनिवारवाल्यांचं उत्तर आलं नाही अजून.