जुन्या डिझेल गाडीचं बॉनेट मालकाने उघडावं की मिस्त्रीने?

रिंगपाना

गाडी 2009 ची, डिझेल, सात सीटर, 2 लाख 40 हजार किलोमीटर पळालेली. कंपनी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर पहिल्याच प्रतिसादात 'ही घेतलीतच कशाला' येईल. 15 वर्षं झाल्यावर आरटीओत नेऊन पुढच्या 5 वर्षांसाठी नोंदणी वाढवून आणलीय, त्यामुळे इतक्यात विकायची नाही.

गेल्या पावसाळ्यात तिची नाटकं सुरू झाली. दोन दिवस नीट, तिसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली की नुसतं टक् टक्. पहिल्या गॅरेजने बॅटरी बदलली, 7,000. वीस दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्याने डायनामो खोलला, कार्बन आणि बेअरिंग नवे, 3,800. पुन्हा तेच. शेवटी 600 रुपयांचा मल्टीमीटर आणला. गाडी बंद असताना बॅटरी 12.6 व्होल्ट, इंजिन चालू असताना 14.2. म्हणजे बॅटरी ठणठणीत, डायनामोही चार्ज करतोय. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिन ब्लॉकला, आणि बायकोला म्हटलं, मार सेल्फ. 1.8 व्होल्ट! करंटचा परतीचा रस्ता धड असेल तर तिथे अर्धा व्होल्टही दिसायला नको. खाली वाकून पाहिलं तर इंजिनवरून चासीवर येणारी अर्थची जाळीदार पट्टी हिरवी पडून निम्मी तुटलेली. नाना पेठेतून 250 ला नवी आणली, बोल्टखालचा गंज पॉलिश पेपरने खरवडला, बसवली. पाऊण तास. त्यानंतर एकदाही टक् टक् नाही.

माझं मत: जुन्या गाडीचं इलेक्ट्रिकल मालकानेच बघावं. मिस्त्री चोर असतो असं नाही, पण पार्ट बदलल्याचे पैसे मिळतात, फॉल्ट शोधल्याचे कुणी देत नाही. डिझेल फिल्टर, हीटर प्लग, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) साफ करणं मी आता घरीच करतो. दिवाळीच्या सुट्टीत टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) बदलायचा विचार आहे, व्हिडिओ चार वेळा पाहून झालाय.

वर्कशॉपवाला_कोल्हापूर

रिंगपाना, पट्टी शोधलीत त्याबद्दल शाबासकी, मनापासून. पण एक विचारतो. 12.6 तुम्ही नवी बॅटरी बसल्यावर मोजलंत. 14.2 डायनामोचं काम झाल्यावर मोजलंत. आधी किती होतं? माहीत नाही ना? मग ते 10,800 वाया गेले हे कशावरून ठरवलंत?

उद्यमनगरात 22 वर्षं गाड्या बघतोय. घरी खोललेली गाडी माझ्याकडे येते ती बहुतेक वेळा टोचनवर येते. परवाची गोष्ट. हेडलाइटचा 15 अँपिअरचा फ्यूज सारखा उडतो म्हणून साहेबांनी तिथे 30 चा घातला. उजेड जास्त पडावा म्हणून बल्ब 100 वॉटचे, तेही मोठा करंट स्विचवर न येऊ देणाऱ्या रिलेशिवाय. हिशोब करा: दोन बल्ब, 200 वॉट, 12 व्होल्टवर सोळा-सतरा अँपिअर, आणि तो सगळा करंट स्टिअरिंगखालच्या जुन्या स्विचमधून. फ्यूज उडत होता तो गाडी वाचवायला. त्याला गप्प केल्यावर वायर वितळली. आख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागला.

आणि टायमिंग बेल्ट? एक दात इकडचा तिकडे झाला तर तुमच्या जातीच्या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. इंजिनचं हेड खोलायचा खर्च आधी विचारून ठेवा. व्हिडिओतल्या गाडीला गंज नसतो, हे पण लक्षात असू द्या.

अजून एक, हे मात्र सगळ्यांसाठी. जुने मिस्त्री गाडी मिसिंग करत असली की चालू इंजिनवर एकेका इंजेक्टरचा पाइप ढिला करून कुठला सिलिंडर मार खातोय ते बघायचे. जुन्या पंपावर ते चालून जायचं. कॉमन रेलला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या सिस्टीमला, कधीही हात लावू नका. आत 1,600 बारपर्यंत प्रेशर असतं. डिझेलची धार कातडी फोडून आत जाते, वरून काटा टोचल्याएवढा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि हात कापायची वेळ येते. असं झालंच तर मलम लावत बसायचं नाही, त्याच तासाला सर्जन गाठायचा.

तांबडी_माती

वर्कशॉपवाले, तुमचं सगळं खरं, पण तुम्ही कोल्हापुरात आहात. आमच्या गावातून धड ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जायचं तर रत्नागिरी, आणि गाडी सुरूच होत नसेल तर जायचं कशाने? आमच्याकडे घरी दुरुस्ती ही हौस नाही हो. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात आणि वायरी कुरतडतात. समुद्राच्या हवेने कनेक्टर हिरवे पडतात ते वेगळंच.

माझी बॅटरी तीन दिवस गाडी उभी राहिली की बसायची. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून मधे अॅमीटर लावला. दारं लॉक करून अर्धा तास थांबलो, कारण गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. बंद गाडीत करंट 50 मिलीअँपिअरच्या आत हवा, माझ्याकडे 380. मग एकेक फ्यूज उपटत गेलो. म्युझिक सिस्टीमचा काढल्यावर एकदम 30 वर आलं. ती सिस्टीम कुणी बसवली होती? गॅरेजवाल्यानेच, कायम चालू लाइनवर.

(मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारू नका. माझा पहिला मीटर तसाच गेला.)

पार्किंग_14

मी गाडीतलं काही जाणत नाही, पण गाडीवाल्याच्या घरात राहते. आमच्या ह्यांनी 'दोन तासांचं काम' म्हणून सुरू केलं, तेव्हापासून तीन आठवडे गाडी पार्किंगमध्ये जॅकवर. काढलेले नट-बोल्ट माझ्या चकलीच्या डब्यात. जुनं ऑइल सोसायटीच्या गटारात ओतलं म्हणून सेक्रेटरींची नोटीस आली, आणि ती बरोबरच होती.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण एका संध्याकाळी दीर गाडीखाली होता, खाली ना स्टँड ना ठोकळे, नुसता गाडीबरोबर मिळालेला जॅक. पावसाने भुसभुशीत झालेला पेव्हर ब्लॉक खचला आणि गाडी एका बाजूला बसली. दीर दोनच मिनिटांपूर्वी चहाला बाहेर आला होता. 250 रुपयांची पट्टी, पाऊण तास, हे सगळे लिहितात. त्या चहाबद्दल कुणी लिहीत नाही.

श्टुटगार्टकर

ताई, तुमच्या प्रतिसादाने अंगावर काटा आला. इथे जर्मनीत तासावर लिफ्ट भाड्याने मिळणारी गॅरेजं आहेत. हत्यारं त्यांची, घाम आपला, जुन्या ऑइलची सोय पण तिथेच. मी माझ्या जुन्या गाडीचे ब्रेक तिथेच बदलतो. पण मुख्य फरक वेगळा आहे. इथे जुनी गाडी दर दोन वर्षांनी तपासणीला न्यावीच लागते, आणि माझं काम तिथे तिसरा माणूस बघतो. आपल्याकडे खाजगी गाडीला पहिली 15 वर्षं ते नाहीच. म्हणून पुण्यात असतो तर ब्रेकला मी हात लावला नसता.

रिंगपाना

ब्रेकला मीही हात लावत नाही, एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरलाही नाही. ताई, स्टँडची जोडी आजच मागवली. बेल्टचं अजून ठरलं नाही, पण हेडचा खर्च विचारून आलो आणि घसा कोरडा पडला.

वर्कशॉपवाले, आधी किती व्होल्ट होते ते खरंच माहीत नाही, तो मुद्दा तुमचा. पण माझा मूळ प्रश्न राहतोच. शोधण्याचे वेगळे पैसे का सांगत नाही तुम्ही लोक? मी देईन.

वर्कशॉपवाला_कोल्हापूर

सांगतो की. दिवसभर वायरिंग तपासून 800 सांगितले की गिऱ्हाईक विचारतं, पार्ट कुठला बदलला? काहीच नाही? नुसती वायर घट्ट केली? मग 800 कशाचे? तेच जुनी बॅटरी डिकीत ठेवून नवी बसवली की 7,000 मुकाट्याने देतं. देईन म्हणणारे इथे लिहिताना भेटतात, काउंटरवर नाही.

रिंगपाना

रात्री बायकोला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, पहिल्या गॅरेजवाल्याने फोन केला होता ते विसरलास का. खरंच विसरलो होतो. 'वायरिंग बघायला एक दिवस गाडी ठेवा, हजारभर होतील' असं म्हणाला होता तो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला ताम्हिणीतून दिवेआगरला जायचं होतं. मीच म्हटलं, वेळ नाही, बॅटरी बदलून टाका.