मदत हवी आहे : मन साथ देत नसताना उपकारस्तुती कशी करावी?

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

गेली दोन वर्षे आजारपण आणि सुटलेली नोकरी यांच्याशी झगडताना मी रोज रात्री प्रार्थनेपूर्वी देवाचे दिवसभरातील तीन उपकार वहीत लिहितो; परंतु अलीकडे हात लिहीत असतो आणि मन भलतीकडेच असते. बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्राच्या 4थ्या अध्यायात, ज्या स्थितीत आपण आहोत तिच्यात संतुष्ट राहण्यास शिकलो आहोत, असे प्रेषित पौल म्हणतो, आणि हे तो बंदिवासातून लिहीत असल्यामुळे त्याचे शब्द मला पोकळ वाटत नाहीत. ‘शिकलो’ या शब्दापाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो, कारण त्याअर्थी समाधान त्यालाही एका दिवसात लाभले नव्हते. पण तो ते शिकला कसा?

थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (5:18) उपकारस्तुती ‘सर्व स्थितीत’ करण्यास सांगितले आहे. दुःखालाच चांगले म्हणा, असे तेथे म्हटलेले नाही, हा मला दिलासा वाटतो. स्तोत्रसंहितेतील 13वे स्तोत्र ‘कोठवर’ या आक्रोशाने सुरू होऊन स्तुतीत संपते, तर 88वे अंधारातच संपते, आणि पवित्र शास्त्रात दोन्हींना जागा आहे.

जे अशा काळातून गेले आहेत, त्यांना विचारावेसे वाटते, की तक्रार आणि उपकारस्तुती आपण एकाच प्रार्थनेत कशी आणता, आणि कोरड्या मनाने केलेली स्तुती ढोंग ठरते की आज्ञापालन? कृपया स्वतःच्या अनुभवातून लिहावे. केवळ ‘विश्वास ठेवा’ एवढ्या उत्तराने माझी वाट मोकळी होत नाही.